चौदा मंत्र आणि एक भाला

चैत्र अर्धा सरला की आमच्या घरी चिंच फोडायला बसायचे. बांधावरची दोन झाडं आमची आणि एक काकांच्या वाट्याचं, पण चिंच सगळी एकत्रच पडवीत येऊन पडायची. मग आई, काकू आणि शेजारची लक्ष्मक्का असा बायकांचा फड जमायचा. कोणाच्या हातात दगड, कोणाच्या हातात तराजूचं जुनं वजन. सकाळी भाकरी झाल्या की जी ठकठक सुरू व्हायची ती उन्हं कलेपर्यंत थांबत नसे. टरफलं एकीकडे, गर एकीकडे, चिंचोके एकीकडे. लक्ष्मक्का तेलुगूत बोलायची, आई-काकू मराठीत उत्तर द्यायच्या आणि भांडणसुद्धा असं दोन भाषांत सुरळीत पार पडायचं. तिनंच आईला पच्चिपुलुसू शिकवलं होतं. चिंचेचं कच्चं पाणी, त्यात कांदा, भाजलेली मिरची, मीठ, थोडा गूळ, आणि ते चुलीवर ठेवायचंच नाही. दुपारी ज्वारीच्या भाकरीबरोबर आम्ही ते वाट्या-वाट्या प्यायचो. आमचं गाव आदिलाबाद जिल्ह्यातल्या वांकिडीपासून कोसभर आत. भाजीपाल्याचा मळा होता, वांगी-मिरची बाजारात जायची, आणि बाबा स्वतःला शेतकरी म्हणवून घेत असले तरी त्यांचा अर्धा जीव बाजारातल्या गप्पांत असायचा.

ज्या उन्हाळ्याबद्दल मला सांगायचं आहे त्या उन्हाळ्यात मावशीचा विजय आमच्याकडे चार दिवस राहून गेला. तो हैदराबादला इंजिनिअरिंगला होता. येताना त्यानं एक जाडजूड झेरॉक्स आणली होती, सुतळीनं शिवलेली. हॉस्टेलात कोणाच्या तरी भावानं परदेशातून आणलेल्या पुस्तकाची ती कितवी तरी प्रत होती, त्यामुळे अक्षरं पुसट आणि चित्रं म्हणजे नुसते काळे डाग. तो एक खेळ होता. पट नाही, सोंगट्या नाहीत. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात, आणि पुढं काय करायचं ते ज्यानं त्यानं ठरवायचं. जमलं की नाही ते फाशावर. कोणी तलवारवाला होतं, कोणी चोर, कोणी मंत्र जाणणारा. राक्षस मारले, खजिने शोधले की तुमचं माणूस एकेक पायरी वर चढतं आणि जास्त ताकदवान होतं. विजयनं दोन दुपारी आम्हाला खेळवलं आणि मला तर वेडच लागलं. आपण बोललो आणि डोंगर उभा राहिला, आपण बोललो आणि त्या डोंगराला दार फुटलं, असं काही असू शकतं हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

जाताना विजयनं झेरॉक्स माझ्याकडे ठेवली, पण फासा नेला. वीस बाजूंचा निळा फासा होता तो, असा एकच होता आणि तोही मागून आणलेला. "काहीही वापर ना शशी," तो म्हणाला, "वीसपर्यंत आकडा आला म्हणजे झालं." आता वीसपर्यंत आकडा कसा आणायचा? हा प्रश्न सोडवला यमुनेनं. यमुना माझी चुलतबहीण, काकांची थोरली, माझ्याहून वर्षानं मोठी. तिनं ढिगातले दहा चिंचोके उचलले, दगडावर आपटून त्यांची दोन-दोन फाकळं केली, आणि आतली बाजू घासून पांढरीशुभ्र केली. वीस फाकळं झाली. मुठीत खुळखुळवून जमिनीवर टाकायची आणि पांढरी बाजू वर पडलेली किती ते मोजायचं. असे चिंचोके टाकून आम्ही चौसर खेळतच वाढलो होतो, त्यामुळे कोणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. मला तर ती युक्ती विजयच्या फाशापेक्षा सरस वाटली.

खेळणारे तिघंच. मी गोष्ट सांगणारी, कारण इंग्रजी पुस्तक लावता येणारी मीच. माझा धाकटा भाऊ सुरेश हा मांत्रिक. आणि यमुना भालेवाली. हे वाटप मीच केलं होतं आणि ते अगदी सरळ वाटलं होतं. मंत्रांची यादी पाच पानं इंग्रजीत होती, प्रत्येक मंत्र वाचून निवडावा लागे, आणि यमुनेची शाळा गावातल्या सातवीनंतर सुटली होती. सुरेशला तरी कुठं इतकं वाचता येत होतं? पण तो माझ्या मांडीशी बसून "ताई, हे काय, ताई, ते काय" करत एकेक मंत्र लावून घ्यायचा. यमुनेनं विचारलं, "माह्या पानावर काय लिवलं हाये?" मी म्हटलं, तुझं सोपं आहे, भाला मारायचा, एवढंच. ती हसली आणि म्हणाली, "मंग बरं हाये बाप्पा, मले पाठ कराचं काई नाई."

सुरुवातीचे पंधरा दिवस यमुनेचे होते. लांडगे येवोत की दरोडेखोर, पुस्तकातल्या कोष्टकाप्रमाणे त्यांना लागायला सात-आठ पुष्कळ होत असत, आणि यमुनेच्या मुठीतून नऊ, दहा, अकरा पडायचेच पडायचे. सुरेशकडे तेव्हा दोन मंत्र. एक दिवा लावायचा आणि एक झोप आणायचा. एकदा वापरला की तो गोष्टीतल्या दुसऱ्या दिवसापर्यंत डोक्यातून जायचा. मग मांत्रिक महाराज यमुनेच्या पाठीमागं लपायचे. आम्ही मागच्या दारी निंबाखाली बसायचो, तिथपर्यंत पडवीतली ठकठक ऐकू यायची, आणि यमुना भाला मारताना अशी काही हुंकारायची की काकू आतून ओरडायची, "काय व, कोणाले मारून राह्यली?" "अस्वलाले!" यमुना सांगायची. बाबा जाता-येता थांबून विचारायचे, "तुमच्या कचेरीत आज काय फैसला झाला?" आणि उत्तर ऐकायला न थांबता बैलांकडे जायचे.

मग सुरेशच्या पायऱ्या चढत गेल्या. दोनाचे पाच मंत्र झाले, पाचाचे नऊ, आणि वैशाखात चौदा. जाळाचा गोळा, हवेत उडण्याचा, अदृश्य होण्याचा, कुलूप उघडण्याचा. यमुनाही पायऱ्या चढत होती, पण तिच्या पानावर चढल्याची खूण काय, तर भाला थोडा जास्त जोरानं लागणार. तोही लागला तर! कारण आता राक्षस मोठे होते. कातडीला खवले असलेले, चिलखत घातलेले. त्यांना लागायला पंधरा हवे असायचे, आणि यमुनेच्या मुठीतून मात्र तेच नऊ, दहा, अकरा. दरी आली की सुरेश उडणार, दार आलं की सुरेश उघडणार. मंत्र संपले तर निदान थांबावं लागेल असं मला वाटलं होतं, पण त्यावरही त्यानं तोड काढली होती. प्रत्येक लढाई झाली की लगेच म्हणायचा, "आमी झोपलो. सकाय झाली." झालं, चौदाही मंत्र परत ताजे. त्या गोष्टीतल्या लोकांइतकं कोणी झोपलं नसेल. यमुना निंबाच्या काड्या मोडत बसायची आणि मी नाव घेतलं की चिंचोके टाकायची.

मला त्यातली गंमतच जास्त दिसत होती. पण एका दुपारी यमुनेनं लागोपाठ सहा वेळा टाकले, सहाही वेळा वाया गेले, आणि सुरेशनं एका मंत्रात तोच राक्षस जाळून टाकला. यमुनेनं पदर झटकावा तसे हात झटकले आणि म्हणाली, "उद्यापासून मी मळ्यात जातो दुपारची. तुमी दोघं खेळा." आवाजात राग नव्हता. राग असता तर मी तिची समजूत काढली असती. जूनमध्ये मी पुढं शिकायला आदिलाबादला हॉस्टेलात जाणार होते, ट्रंकसुद्धा येऊन पडली होती. शाळा सुटल्यापासून यमुनेचा दिवस वेगळा आणि माझा वेगळा झाला होता. ती पहाटे मळ्यात, मी वर्गात. दोघींचं म्हणून जे काही उरलं होतं ते या दुपारींमध्ये होतं, आणि माझ्याच खेळात ते संपत होतं. मी म्हटलं, "एक दिवस दे मला. परवा ये. नक्की ये." ती म्हणाली, "पाहतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चिंचोके घेऊन गोठ्यामागं गेले. मला नुसतं कळून घ्यायचं होतं की यमुनेचं नशीब एवढं खोटं कसं. मी टाकत गेले आणि भिंतीवर कोळशानं आकडे मांडून प्रत्येकापुढं रेघ ओढत गेले. शंभर वेळा टाकले. दहाच्या पुढं रेघांची रांग मावेना, नऊ आणि अकराचीही तशीच, आणि दोन्ही टोकांना भिंत कोरी. पंधराच्या वर मिळून दोन रेघा. वीसपुढं एकही नाही, एकपुढंही नाही. मी त्या भिंतीपुढं किती वेळ उभी होते कोण जाणे. म्हशीनं शेपटीनं फटकारलं तेव्हा भानावर आले. निळ्या फाशाच्या वीस बाजू, आणि त्याला वीस काय, दोन काय, सगळे सारखेच. पण वीस फाकळांत वीसच्या वीस पांढरी पडायची तर एकही चुकून चालायचं नाही. दहा पडायला मात्र हजार वाटा. लांडगे मारताना हीच गोष्ट यमुनेच्या कामी येत होती, आणि आता तीच तिच्या मुळावर उठली होती. सुरेशला तर फासा टाकावाच लागत नसे. त्याचा मंत्र चुकवायला राक्षसानं टाकायचे, आणि राक्षसालाही पडणार ते नऊ-दहाच. पुस्तक लिहिणाऱ्यानं जी काही तोलामोलाची मांडणी केली असेल ती आम्ही चिंचोक्यांनी पार मोडून टाकली होती.

पुढं मी आयुष्यभर पोरांना गणित शिकवलं. संभाव्यतेचा धडा आला की मला पुस्तकाआधी ती शेणानं सारवलेली भिंत दिसायची. एखादी गोष्ट आपण मोजली म्हणून कळली, हा आनंद मला तिथं पहिल्यांदा झाला, आणि तो इतका मोठा होता की मी धावत जाऊन आईला भिंत दाखवली. आई म्हणाली, "हे पुसून टाक, तुह्ये बाबा येतील आता."

मी वहीच्या पानाचे वीस तुकडे केले, एक ते वीस आकडे घातले, घड्या घालून पितळी गडव्यात टाकल्या. एक उचलायची, वाचायची, परत टाकायची. सुरेशनं आकांडतांडव केलं. "चालू खेळात कायदा बदलते का कोणी?" तो म्हणाला, आणि त्याचं म्हणणं चूक नव्हतं, पण मी ताई होते. यमुना आली. मी तिला सगळं समजावलं, भिंतीपाशी नेऊन पुसट रेघा दाखवल्या. तिनं नीट पाहिलं. "असं होय," म्हणाली. मग खेळ सुरू झाला, मी चिलखतवाला राक्षस आणला, यमुनेनं चिठ्ठी उचलली आणि सतरा आला! राक्षस पडला. मी टाळ्या पिटल्या. यमुनेनं चिठ्ठीची घडी परत नीट घालून गडव्यात टाकली आणि पडवीच्या दिशेनं पाहत बसली. तासाभरानं उठली. "जातो व मी. भेंडी तोडाची हाये."

मला आधी रागच आला. शंभर वेळा टाकले ते कोणासाठी? मी तिच्या मागं मळ्यापर्यंत गेले, भर उन्हात, अनवाणी. "आता काय झालं?" मी म्हटलं, "आता तर तुझा भाला लागतो." ती भेंडी तोडत राहिली. मग म्हणाली, "लागते ना. पण शशे, तू सुरेशले काय म्हणतं? 'सुरेश, आता तू काय करतं?' अन् मले काय म्हणतं? 'यमे, टाक.' पहिल्या दिवसापासून. मले तू एक खेप तरी इचारलं का, काय करतं म्हणून?" तीच पुढं म्हणाली, "चिंचोके टाकाले मी कायले पायजे? सुरेशच टाकीन माह्या वाट्याचे."

तिच्या हातावर भेंडीच्या लवेनं पुरळ उठलं होतं ते मी बघत राहिले. ती म्हणत होती ते खरं होतं, आणि नुसतं खेळातलं खरं नव्हतं. आमच्या घरात सुरेशला विचारायचे, काय खातोस, काय वाचलंस, पुढं काय होणार. मलाही हल्ली विचारू लागले होते. यमुनेला सांगायचे. हे आण, ते निवड, तिकडं जा. मी ते इतकं ऐकलं होतं की मी बनवलेल्या जगातही तसंच चाललं, आणि मला पत्ता नाही. मी तिथं बांधावर उभी राहून रडले. यमुना म्हणाली, "रडून काऊन राह्यली आता, घे, तोड माह्यासंग," आणि आम्ही ती सरी मिळून संपवली.

सुरेशचा मुलगा पुण्यात असतो. त्याचं टोळकं दर रविवारी जमून हाच खेळ खेळतं, आता सगळं छापील आणि रंगीत मिळतं, फासे तर काचेचे. गेल्या वर्षी मी त्यांच्याकडे होते तेव्हा त्यांचा वाद जुंपला होता, की वरच्या पायऱ्यांवर मांत्रिक फार भारी होतो आणि तलवारवाल्याला काही कामच उरत नाही, तर नियम कसे बदलावेत. एक म्हणे मंत्र कमी करा, दुसरा म्हणे तलवारीला जादू द्या. मला फार मजा वाटली. मी त्यांना भिंतीची गोष्ट सांगितली आणि ती त्यांना आवडली. भेंडीच्या सरीतली मात्र सांगितली नाही. का नाही सांगितली याचा मी नंतर विचार केला. त्यात मी काही चांगली दिसत नाही, हेच कारण असावं.

भेंडीच्या त्या सरीनंतर दुसऱ्या दुपारी यमुना येईल याची मला खात्री नव्हती. आली. आल्याबरोबर म्हणाली, "घडीभरच बसतो." मी खेळाची तयारी केलीच नव्हती, राक्षसही ठरवला नव्हता. जे सुचलं ते सांगू लागले. एक गाव आहे, विहिरी आटल्या आहेत, गुरं हंबरताहेत, जवळून नाला जातो पण तोही कोरडा. सुरेश लगेच म्हणाला, "पाण्याचा मंत्र!" मी पुस्तकात पाहिलं. त्या मंत्रानं एक घागर पाणी येत होतं. गाव तीनशे उंबऱ्यांचं होतं. सुरेशनं तोंड उघडलं, तो झोपून सकाळ करणार होता, पण मी त्याच्याकडे पाहिलंच नाही. मी म्हटलं, "यमे, तू काय करतं?"

तिनं निंबाची एक काडी उचलली. मग तिनं विचारलं, "नाला कुठं वाकते?" मी म्हटलं, गावाच्या खालच्या अंगाला. "वाकणाच्या कोणत्या बाजूले रेती हाये? अन् बारीक का जाडी?" मी काहीतरी ठोकून दिलं. "त्या रेतीवर काही हिरवं हाये? एखादी लव्हाळी?" आता मला ठोकून देता येईना. तिच्या चेहऱ्याकडे पाहून मला कळलं की खोटं सांगितलं तर तिला तत्काळ समजेल. महिनाभर मी त्या जगाचे डोंगर, किल्ले, राक्षस तोंडानं उभे केले होते आणि तिथली जमीन कशी आहे याचा मला काही पत्ता नव्हता. "लव्हाळी आहे," मी भीत-भीत म्हटलं. यमुना पुढं सरकली. "मंग झिरा खणतो मी तिथं," ती म्हणाली. नाल्याच्या रेतीत खड्डा केला की त्यात पाणी झिरपून येतं, तो झिरा. आमच्या नाल्यात दर उन्हाळ्यात पाच-सहा असत आणि त्यांतले निम्मे यमुनेनं खणलेले. हातातल्या काडीचा भाला करून ती जमिनीवर रेघा ओढत सांगू लागली, खड्डा गोल घ्यायचा, कडेला तुराट्या लावायच्या नाहीतर रेती ढासळते, गावातली माणसं किती लागतील, गुरांना वेगळा खड्डा. मी चिठ्ठ्यांचा गडवा पुढं केला तर म्हणाली, "थांब, हे तर मले येते. याले काय उचलाचं?" सुरेश दोन्ही गुडघ्यांवर आला होता. "अन् मी? मी काय करू?" त्यानं विचारलं. यमुनेनं त्याच्याकडे असं पाहिलं, जसं कामाला आलेल्या नव्या माणसाकडे पाहतात. "तुह्याकडं वारा सोडाचा मंतर हाये ना? वरची सुकी रेती उडव. पण हळू उडव, खड्ड्यात नाई गेली पायजे." सुरेश निमूटपणे रेती उडवू लागला.

घडीभरासाठी आलेली यमुना उन्हं उतरेपर्यंत बसली. काकूनं चार हाका मारल्या, पाचवीला ती उठली, लुगड्याला लागलेली माती झटकली आणि दोन पावलं जाऊन थांबली. "पाणी लागलं नाई अजून," ती म्हणाली. "उद्या लवकर बसजो. अन् शशे, रेतीच्या खाली काय लागते ते तुले ठाऊक हाये का?" मी मान हलवली, नाही. "मंग पाहून ये. तसं नको सांगू मनानं."

दुसऱ्या दिवशी उजाडता-उजाडता मी काकूची कुदळ खांद्यावर टाकून नाल्यात उतरले आणि लव्हाळी शोधून तिच्याजवळ खणायला लागले. आधी कोरडी बारीक रेती, मग ओली, मग जाडी वाळू आणि गोटे. हातभर खाली गेल्यावर कुदळ कशाला तरी चिकटली, ओढली तर पिवळट चिकणमाती घेऊन वर आली. तिच्या वरच्या अंगानं, गोट्यांच्या फटीतून, पाणी येत होतं. मी ती माती मुठीत घेतली, आणि यमुना मळ्यात जायच्या आत तिला गाठायचं म्हणून घराकडे पळत सुटले.